पेसमेकर असलेल्या रुग्णाचे किरणोपचार : यंत्र कशाने बिघडते आणि ते कसे सांभाळतात

पेसमेकर बसवलेल्या माणसाच्या छातीचा एक्स-रे काढताना कोणी काळजी करत नाही. यंत्र बसवल्यावर त्याच्या तारा जागेवर आहेत ना, हे पाहण्यासाठी तर मुद्दाम एक्स-रे काढतात. पुढे त्याच माणसाला कर्करोग झाला आणि किरणोपचार ठरले, म्हणजे बोलीत ज्याला शेक किंवा लाईट म्हणतात ते घ्यायचे ठरले, की चित्र बदलते. कर्करोगतज्ज्ञ हृदयरोगतज्ज्ञाला पत्र लिहितो, यंत्राच्या कंपनीचा तंत्रज्ञ बोलावला जातो आणि पहिल्या दिवसाआधी यंत्राची पूर्ण तपासणी होते. वास्तविक एक्स-रे आणि कर्करोगावरचे किरण एकाच जातीचे आहेत. मग एकाला मोकळीक आणि दुसऱ्यासाठी एवढी खबरदारी का? याचे उत्तर तीन गोष्टींत आहे : किरणांची मात्रा, त्यांची ऊर्जा आणि यंत्रातल्या चिपची घडण.

या उत्तराला व्यवहारात मोठे महत्त्व आहे. हृदयाच्या ठोक्यांचे विकार आणि कर्करोग हे दोन्ही वाढत्या वयाचे आजार आहेत, त्यामुळे ते एकाच माणसाला होणे दुर्मीळ नाही. पेसमेकर आहे म्हणून किरणोपचार नाकारण्याचे कारण नसते. मात्र यंत्र आहे ही गोष्ट उपचार आखणाऱ्यांना आधीच कळलेली असली पाहिजे.

छातीतील यंत्र काय करते

पेसमेकर ही साधारण वीस-तीस ग्रॅम वजनाची, टायटॅनियम धातूची हवाबंद डबी असते. ती सहसा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवतात. डबीत लिथियमची बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. तिच्यातून निघालेल्या एक किंवा अधिक तारा शिरेतून हृदयाच्या कप्प्यांपर्यंत जातात. हृदयाचा स्वतःचा ठोका वेळेवर पडतो आहे का, हे यंत्र या तारांमधून सतत ऐकते. ठोका चुकला तर अगदी छोटा विद्युत झटका देऊन तो पाडते.

याच कुळातले दुसरे यंत्र म्हणजे आयसीडी. हृदयाची गती अचानक जीवघेण्या वेगाला गेली तर ते मोठा झटका देऊन ती पूर्ववत करते. तिसरे सीआरटी. कमजोर हृदयाचे डावे आणि उजवे कप्पे एकाच वेळी आकुंचन पावावेत यासाठी ते वापरतात. अलीकडे तारा नसलेला, थेट उजव्या कप्प्यात बसणारा छोटा पेसमेकरही आला आहे. या सगळ्या यंत्रांमध्ये सूक्ष्म चिप असते आणि त्या चिपच्या स्मृतीत रुग्णाला लागणाऱ्या सूचना साठवलेल्या असतात : मिनिटाला किती ठोके, किती व्होल्टचा झटका, कोणता कप्पा आधी. किरणांचा प्रश्न उभा राहतो तो मुख्यतः या चिपमुळे.

शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये वापरला गेला. अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी तो तयार केला आणि शल्यविशारद ओके सेनिंग यांनी तो बसवला. त्यात मोजकेच, सुटे ट्रान्झिस्टर होते. त्या काळची सर्किटे किरणांना बरीच दाद न देणारी होती. पुढे बॅटरी जास्त वर्षे टिकावी म्हणून फार कमी वीज खाणाऱ्या सीएमओएस जातीच्या चिप आल्या. आजचे यंत्र इतके लहान, हुशार आणि दीर्घायुषी आहे ते या चिपमुळेच. पण हीच चिप जुन्या सर्किटांपेक्षा किरणांना अधिक नाजूक आहे.

मात्रेचा फरक

शरीराने किंवा एखाद्या वस्तूने शोषलेल्या किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात. छातीच्या एका साध्या एक्स-रेमध्ये कातडीला मिळणारी मात्रा एका ग्रेच्या काही दशसहस्रांशांएवढीच असते. किरणोपचारात गाठीला एका दिवसात साधारण २ ग्रे मिळतात, म्हणजे एक्स-रेच्या सुमारे दहा हजार पट किंवा त्याहूनही जास्त. हे आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालते. विदर्भात खर्ऱ्यामुळे, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे, तोंडाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात आढळतो. त्याच्या उपचारात एकूण मात्रा ६० ते ६६ ग्रेपर्यंत जाते आणि ती तीस किंवा त्याहून अधिक बैठकांमध्ये विभागलेली असते. स्तनाच्या कर्करोगात जुन्या पद्धतीने ५० ग्रे, २५ बैठकांत देत. आता अनेक ठिकाणी तोच परिणाम १५-१६ बैठकांत साधतात.

ही मात्रा गाठीसाठी असते, यंत्रासाठी नाही. किरणांची शलाका थेट पेसमेकरवर पडू द्यायची नाही, हा पहिला आणि बिनतडजोडीचा नियम आहे. तरीही यंत्राला थोडी मात्रा मिळतेच. ती कशी मिळते, हे समजले की पुढचे सगळे नियम आपोआप समजतात.

शलाकेबाहेर किरण कसे पोचतात

हे समजायला शेतातले एक उदाहरण घेऊ. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला अर्जुनी मोरगाव तालुका आहे. त्यातल्या प्रतापगडच्या आसपास धानाच्या बांध्या आहेत. एका बांधीत पाणी भरले की ते धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आत राहते. तरी धुऱ्यातून झिरपून शेजारच्या बांधीचा काठ ओलसर होतोच. धुऱ्यालगत ओल जास्त, चार पावलांवर कमी आणि पलीकडच्या बांधीत जवळजवळ नाही. किरणोपचाराचे क्षेत्रही असेच आखलेले असते. किरण देणाऱ्या यंत्रातल्या जाड धातूच्या पट्ट्या शलाकेला हवा तो आकार देतात आणि त्या आकाराबाहेर किरण अडवतात. पण काही किरण शरीराच्या पेशींवर आदळून दिशा बदलतात आणि बाजूला पसरतात, काही त्या किरणयंत्राच्या डोक्यातून पाझरतात.

या पाझराचा हिशेब साधारण असा मांडता येतो. क्षेत्राच्या काठापासून दोन-तीन सेंटिमीटरवर मूळ मात्रेच्या काही टक्के मात्रा पोचते. दहा सेंटिमीटरवर ती सुमारे १ टक्क्यावर येते. त्याहून दूर गेले की आणखी झपाट्याने घटते. एकूण ५० ग्रेचा उपचार असेल तर दहा सेंटिमीटरवरच्या यंत्राला सगळ्या उपचारात मिळून सुमारे अर्धा ग्रे मिळेल. म्हणून गाठीची जागा फार महत्त्वाची ठरते. प्रोस्टेट किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगात यंत्र क्षेत्रापासून दूर असते. डाव्या स्तनाचा, डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागाचा किंवा मानेच्या खालच्या गाठींचा कर्करोग असेल तर क्षेत्राचा काठ यंत्राच्या अगदी जवळ येतो.

चिपमध्ये काय बिघडते

किरणांमुळे होणारे बिघाड दोन वेगळ्या मार्गांनी होतात. हा फरक लक्षात घेतला नाही तर खबरदारी चुकीच्या जागी घेतली जाते.

पहिला मार्ग हळूहळू साचणाऱ्या हानीचा आहे. चिपमधल्या प्रत्येक ट्रान्झिस्टरमध्ये काचेसारख्या सिलिकॉन डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. विजेला अडवणे हे त्याचे काम. किरण त्यातून जाताना विद्युतभार सुटे होतात आणि त्यातले काही त्या थरात कायमचे अडकून राहतात. दर बैठकीला त्यात थोडी भर पडते. पुरेसा भार साचला की ट्रान्झिस्टर ठरलेल्या व्होल्टेजला चालू-बंद होत नाही, किंवा बंद असतानाही त्यातून वीज गळत राहते. त्याचा परिणाम बॅटरी लवकर संपण्यात, झटक्याची ताकद बदलण्यात किंवा यंत्र कायमचे निकामी होण्यात दिसू शकतो. या हानीचा संबंध एकूण मात्रेशी असतो, म्हणून यंत्राला मिळणारी एकूण मात्रा कमीत कमी ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे.

दुसरा मार्ग एका क्षणात घडणारा आहे आणि त्याचा एकूण मात्रेशी फारसा संबंध नाही. त्याला कारण न्यूट्रॉन. किरणोपचाराच्या लिनॅक यंत्रात इलेक्ट्रॉन फार मोठ्या ऊर्जेने धातूच्या लक्ष्यावर आदळवून एक्स-रे तयार करतात. या एक्स-रेची ऊर्जा एका मर्यादेपलीकडे गेली की ते लिनॅकच्या डोक्यातील टंगस्टन आणि शिशाच्या अणुकेंद्रांमधून न्यूट्रॉन बाहेर काढू लागतात. व्यवहारात ही सीमा १० मेगाव्होल्ट धरली जाते. ६ मेगाव्होल्टच्या शलाकेत न्यूट्रॉन जवळजवळ नसतात, तर १५ आणि १८ मेगाव्होल्टच्या शलाकेत ते लक्षणीय संख्येने निघतात.

न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो. शिशाचे आवरण त्यांना फारसे अडवू शकत नाही. ते उपचाराच्या खोलीत सगळीकडे पसरतात, भिंतींवर आदळून मंद होतात आणि खोलीत फिरत राहतात. मंद न्यूट्रॉन बोरॉन या मूलद्रव्याच्या बोरॉन-१० प्रकारात सहज शोषले जातात. अनेक चिपच्या अवरोधक थरांत बोरॉन मिसळलेले असते. बोरॉन-१० ने न्यूट्रॉन गिळला की त्याचे अणुकेंद्र फुटते आणि अल्फा कण व लिथियमचा आयन हे दोन जड कण बाहेर पडतात. ते मिलिमीटरच्या काही हजारांशांएवढेच अंतर कापतात, पण त्या वाटेवर दाट विद्युतभार सोडून जातात. तेवढ्याने स्मृतीतील एखाद्या खणात ० चा १ किंवा १ चा ० होतो. यंत्रासाठी लिहिलेली एक सूचना त्या क्षणी बदललेली असते.

अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळेही असे बदल अधूनमधून घडतात. त्यामुळे पेसमेकर बनवणारे त्याची सोय करून ठेवतात. स्मृतीत चूक सापडली तर यंत्र स्वतःला पुन्हा सुरू करते आणि कारखान्यातून आलेल्या सुरक्षित मूळ सूचनांवर जाते. याला रीसेट म्हणतात. रीसेट झालेला पेसमेकर बंद पडत नाही. तो साधारण मिनिटाला ६५ ते ७० च्या आसपास ठोके देत राहतो, पण त्या विशिष्ट रुग्णासाठी बारकाईने ठरवलेली मांडणी नाहीशी होते.

न्यूट्रॉनचे हे महत्त्व प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदींतही दिसले आहे. जामा ऑन्कॉलॉजी या नियतकालिकात २०१५ मध्ये ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात यंत्र असलेल्या रुग्णांचे किरणोपचाराचे २४९ कोर्स तपासले होते. त्यांपैकी १८ कोर्समध्ये यंत्रात बिघाड आढळला. त्यांतले १५ स्मृतीचे बिघाड होते आणि हे १५ही न्यूट्रॉन निर्माण करणाऱ्या उपचारांत घडले होते. म्हणून दूर ओटीपोटातील गाठीला १८ मेगाव्होल्टची शलाका देणे हे छातीजवळच्या गाठीला ६ मेगाव्होल्ट देण्यापेक्षा चिपसाठी जास्त त्रासदायक ठरू शकते. केवळ अंतर पाहून धोका ठरवता येत नाही, तो ऊर्जेवरूनही ठरवावा लागतो.

पूर्वी तिसऱ्या कारणाची भीती होती : लिनॅकच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळे पेसमेकर गोंधळेल. आजचे लिनॅक आणि आजचे पेसमेकर दोन्ही नीट आवरणबंद असल्यामुळे हा धोका फारसा उरलेला नाही.

बिघाड झाला तर रुग्णाला काय होते

रुग्णाचे हृदय पेसमेकरवर किती विसंबून आहे, यावर हे ठरते. काहींचे हृदय बहुतेक वेळ स्वतःच चालते आणि पेसमेकर कधीमधी मदत करतो. अशा रुग्णात यंत्र क्षणभर गप्प झाले तरी त्याला कळतही नाही. काहींच्या हृदयाचा स्वतःचा ठोका जवळपास नसतो आणि प्रत्येक ठोका यंत्र पाडते. अशा रुग्णात यंत्र काही सेकंद थांबले तरी चक्कर, भोवळ किंवा बेशुद्धी येऊ शकते. याला पेसिंगवर अवलंबून असणे म्हणतात आणि धोका ठरवताना ही माहिती सगळ्यात आधी घेतात.

आयसीडीमध्ये आणखी एक काळजी असते. किरणांमुळे यंत्राला खोटे संकेत मिळाले आणि ते हृदयाचे जीवघेणे वेगवान ठोके आहेत असे त्याने मानले, तर गरज नसताना मोठा झटका बसू शकतो. म्हणून काही रुग्णांत बैठकीपुरते झटक्याचे काम बंद ठेवतात. हे प्रोग्रॅमरने, म्हणजे यंत्राच्या सूचना बाहेरून वाचणाऱ्या व बदलणाऱ्या उपकरणाने, करता येते. कित्येक ठिकाणी छातीवर योग्य जागी चुंबक ठेवूनही करतात. चुंबकाचा परिणाम दोन यंत्रांत वेगळा असतो. बहुतेक आयसीडीत चुंबक झटक्याचे काम थांबवतो, पण ठोके देण्याच्या पद्धतीवर परिणाम करत नाही. बहुतेक पेसमेकरमध्ये चुंबक ठेवला की यंत्र ऐकणे सोडून ठरलेल्या गतीने ठोके देत राहते. म्हणून रुग्णाच्या छातीत नेमके कोणते यंत्र आहे, हे माहीत असल्याशिवाय चुंबक वापरायचा नसतो. झटक्याचे काम बंद असेपर्यंत बाहेरून झटका देणारे यंत्र हाताशी लागते, आणि बैठक संपताच ते काम पुन्हा सुरू करण्याची आठवण ठेवावी लागते.

धोक्याची प्रतवारी

अमेरिकन असोसिएशन ऑफ फिजिसिस्ट्स इन मेडिसिन या संस्थेने १९९४ मध्ये पेसमेकर असलेल्या रुग्णांसाठी पहिला अहवाल दिला. त्यात यंत्राला एकूण २ ग्रेपेक्षा जास्त मात्रा मिळू नये, असा दंडक होता. पुढे यंत्रे बदलली आणि अनुभव वाढला. त्याच संस्थेने २०१९ मध्ये नवा, सविस्तर अहवाल काढला. हृदयाच्या ठोक्यांवर काम करणाऱ्या हार्ट ऱ्हिदम सोसायटीनेही २०१७ मध्ये तज्ज्ञांचे एकमत प्रसिद्ध केले. सगळ्यांचा गाभा सारखा आहे : मात्रा, न्यूट्रॉन आणि पेसिंगवरचे अवलंबन या तीन गोष्टी एकत्र पाहून रुग्णाची प्रतवारी करावी.

ती ढोबळमानाने अशी होते. यंत्राला २ ग्रेपेक्षा कमी मात्रा, न्यूट्रॉन न काढणारी शलाका आणि रुग्ण यंत्रावर अवलंबून नाही, तर धोका कमी. मात्रा २ ते ५ ग्रेमध्ये असेल किंवा रुग्ण यंत्रावर अवलंबून असेल तर मध्यम. मात्रा ५ ग्रेच्या वर जात असेल किंवा न्यूट्रॉन निर्माण करणारी शलाका वापरावी लागत असेल तर जास्त. यंत्र बनवणाऱ्या कंपन्या मर्यादा वेगवेगळ्या सांगतात, काही तर ठराविक सुरक्षित मर्यादाच देत नाहीत. म्हणून रुग्णाच्या यंत्राचे नेमके मॉडेल कळणे आणि त्या कंपनीची सूचना पाहणे गरजेचे असते.

उपचाराआधीची तयारी

पहिली पायरी यंत्राची पूर्ण तपासणी. कंपनीचा प्रोग्रॅमर यंत्रावर ठेवून बॅटरी, तारांचा रोध, ठोका पकडण्याची क्षमता, झटक्याची किमान गरज आणि साठवलेल्या सूचना नोंदवतात. प्रत्येक कंपनीचा प्रोग्रॅमर आपल्याच यंत्रांशी बोलतो, म्हणून कंपनीचे नाव माहीत नसेल तर पहिल्याच पायरीला अडचण येते. रुग्ण पेसिंगवर अवलंबून आहे का, तेही याच वेळी तपासतात.

दुसरी पायरी आखणीची. सीटी स्कॅन काढून संगणकावर गाठ, जवळचे अवयव आणि पेसमेकर यांची रूपरेषा काढतात. मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे रुग्णालयात किरणांची मात्रा मोजणारा आणि तपासणारा भौतिकतज्ज्ञ, यंत्राला किती मात्रा मिळेल याचा अंदाज करतो. भारतात या तज्ज्ञांच्या शिक्षणाची परंपरा महाराष्ट्रात रुजलेली आहे. ट्रॉम्बे येथे किरण-भौतिकीचा पदविका अभ्यासक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. आखणीचे संगणक क्षेत्राच्या काठाबाहेर दूरवर मात्रा कमी दाखवू शकतात, हे या तज्ज्ञाला ठाऊक असते. म्हणून यंत्र काठाच्या जवळ असेल तर पहिल्या बैठकीच्या दिवशी कातडीवर छोटा मापक ठेवून प्रत्यक्ष मात्रा मोजतात आणि तिला बैठकांच्या संख्येने गुणून पूर्ण उपचाराचा अंदाज काढतात.

तिसरी पायरी शलाकेची निवड. शक्य तेथे १० मेगाव्होल्ट किंवा त्याहून कमी ऊर्जा वापरायची. शलाका यंत्राकडे जाणार नाहीत अशा कोनांतून द्यायच्या. खूप खोल गाठीसाठी पूर्वी जास्त ऊर्जा लागत असे. आता अनेक कोनांतून, बदलत्या आकाराच्या शलाका देणाऱ्या पद्धतींमुळे ६ मेगाव्होल्टवरही बहुतेक गाठींना पुरेशी मात्रा पोचवता येते. फक्त ऊर्जा बदलल्याने न्यूट्रॉनचा प्रश्न जवळजवळ मिटतो, आणि यासाठी वेगळे यंत्र किंवा खर्च लागत नाही. आधी ठाऊक असले की पुरे.

बैठकीदरम्यान आणि नंतर

किरणोपचाराची खोली जाड काँक्रीटच्या भिंतींची असते आणि उपचार चालू असताना रुग्ण आत एकटाच असतो. बाहेरून कॅमेरा आणि बोलण्याची सोय असते. यंत्र असलेल्या रुग्णावर कर्मचारी विशेष लक्ष ठेवतात. मध्यम किंवा जास्त धोका असेल तर नाडी किंवा ईसीजी बाहेरून दिसेल अशी व्यवस्था करतात. तातडीची औषधे, बाहेरून झटका देणारे यंत्र आणि ते वापरता येणारी व्यक्ती जवळ असावी लागते. रुग्णाला बैठकीत किंवा नंतर चक्कर, छातीत धडधड, अचानक दम लागणे, डोळ्यांपुढे अंधारी असे काही जाणवले तर लगेच सांगायचे, हे त्याला पहिल्या दिवशीच समजावून देतात.

यंत्राची फेरतपासणी धोक्यानुसार ठरते. कमी धोक्यात उपचाराआधी आणि संपल्यावर. मध्यम धोक्यात मध्येही एकदा. न्यूट्रॉन निर्माण करणारी शलाका वापरावीच लागली तर साधारण दर आठवड्याला. साचलेली हानी उशिरा दिसू शकते, म्हणून उपचार संपल्यावर पुढील काही महिन्यांतही तपासणी चालू ठेवतात. यंत्र दूरसंपर्काने माहिती पाठवणारे असेल तर घरबसल्याही बरेच कळते. रीसेट आढळला तर बहुतेक वेळा रुग्णाच्या मूळ सूचना पुन्हा भरून यंत्र पूर्ववत करता येते. उपचाराआधी त्या सूचना नोंदवून का ठेवायच्या, त्याचे हेच कारण.

यंत्र हलवायचे का

गाठ यंत्राच्या अगदी खाली किंवा लगत असली तर यंत्र वाचवण्यासाठी गाठीच्या कडेला कमी मात्रा देण्याचा मोह होतो. तसे केले तर कर्करोग परत येण्याचा धोका वाढतो, म्हणून ते मान्य नाही. अशा वेळी यंत्र दुसऱ्या बाजूला हलवण्याचा विचार होतो. पण ही शस्त्रक्रियाच आहे. तिच्यात जंतुसंसर्ग आणि रक्तस्रावाचा धोका असतो आणि कर्करोगाच्या रुग्णात जखम भरायलाही वेळ लागू शकतो. म्हणून २०१७ च्या तज्ज्ञमताप्रमाणे यंत्राला मिळणारी एकूण मात्रा ५ ग्रेच्या आत राहत असेल तर यंत्र हलवू नये. यंत्र गाठीच्या योग्य उपचाराच्या आड येत असेल तर मात्र ते हलवावे. यंत्रावर शिशाची पट्टी ठेवण्याचा घरगुती वाटणारा उपायही सरसकट योग्य नाही. शरीरात आतून पसरणारे किरण वरच्या पट्टीने अडत नाहीत, आणि न्यूट्रॉनवर तिचा उपयोग होत नाही.

कोबाल्ट, प्रोटॉन आणि आतून दिले जाणारे किरण

सगळीकडे लिनॅकच असते असे नाही. कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूवर चालणारी यंत्रे भारतात अनेक वर्षे उपचार करीत आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राने भाभाट्रॉन हे असे यंत्र देशातच विकसित केले. कोबाल्टमधून १.१७ आणि १.३३ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे किरण निघतात. न्यूट्रॉन काढण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा ही ऊर्जा खूपच कमी आहे. त्यामुळे पेसमेकरच्या दृष्टीने कोबाल्टमध्ये न्यूट्रॉनचा प्रश्न नसतो. मात्र त्याच्या शलाकेचा काठ लिनॅकइतका धारदार नसतो, म्हणून छातीजवळच्या गाठीत पाझरणाऱ्या मात्रेकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

प्रोटॉन उपचारात हायड्रोजनच्या अणुकेंद्रांची शलाका वापरतात. नवी मुंबईत खारघर येथील ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत ही सोय आहे. प्रोटॉन गाठीत थांबतात आणि पलीकडे जवळजवळ मात्रा देत नाहीत. पण थांबताना ते शरीरातच न्यूट्रॉन निर्माण करतात, म्हणून यंत्र असलेल्या रुग्णात प्रोटॉन उपचार जास्त धोक्याच्या वर्गात धरून लक्ष ठेवतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात योनीमार्गातून आत स्रोत ठेवून दिले जाणारे किरण, म्हणजे ब्रेकीथेरपी, यांत सहसा इरिडियम-१९२ वापरतात. त्याची ऊर्जा कमी असते, न्यूट्रॉन निघत नाहीत आणि छाती दूर असते, त्यामुळे पेसमेकरला मिळणारी मात्रा नगण्य राहते.

प्रतापगडपासून नागपूरपर्यंत माहितीचा प्रवास

वरची सगळी शास्त्रीय व्यवस्था एका साध्या गोष्टीवर उभी आहे : रुग्णाला यंत्र आहे आणि ते कोणते आहे, हे किरणोपचाराच्या केंद्राला माहीत असणे. शहरात एकाच मोठ्या रुग्णालयात हृदयरोग आणि कर्करोग असे दोन्ही विभाग असतील तर हे सोपे असते. प्रतापगडसारख्या गावातील रुग्णाची वाट लांब असते. प्राथमिक आरोग्य केंद्र, अर्जुनी मोरगावचे ग्रामीण रुग्णालय, गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि पुढे नागपूर असे टप्पे त्यात येऊ शकतात. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट अशी केंद्रे आहेत. पेसमेकर काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात बसवलेला असतो, कर्करोगाचे निदान दुसरीकडे होते आणि किरणोपचार तिसरीकडे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयरोग आणि कर्करोग या दोन्हींचे उपचार मिळतात, पण दोन वेगळ्या रुग्णालयांतली कागदपत्रे आपोआप एकत्र येत नाहीत.

पेसमेकर बसवताना रुग्णाला एक छोटे ओळखपत्र दिले जाते. त्यावर यंत्राची कंपनी, मॉडेल, क्रमांक, बसवल्याची तारीख आणि रुग्णालयाचे नाव असते. हे पत्र पेटीत जपून ठेवण्यापेक्षा आधार कार्डासोबत खिशात असणे अधिक उपयोगाचे आहे. कार्ड हरवले असेल तरी उपाय आहे. यंत्र बसवलेल्या रुग्णालयाच्या डिस्चार्ज कागदात नोंद असते, आणि छातीच्या एक्स-रेमध्ये यंत्राचा आकार व त्यावरील खूण पाहून तज्ज्ञ कंपनी ओळखू शकतात. किरणोपचार कित्येक आठवडे चालत असल्याने रुग्ण नागपुरातच नातेवाईकांकडे किंवा धर्मशाळेत राहतो. यंत्राची तपासणी कुठे आणि कोणत्या दिवशी होणार, ते पहिल्या भेटीतच ठरवून घेतले तर मध्येच गावाकडे परतण्याची आणि बैठक चुकण्याची वेळ येत नाही. ठरलेली बैठक चुकू न देणे कर्करोगाच्या उपचारासाठी महत्त्वाचे आहे.

गावपातळीवर आशा सेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांचा यात मोठा वाटा आहे. पेसमेकर असलेल्या रुग्णाला कर्करोगासाठी पुढे पाठवताना पत्रावर "पेसमेकर आहे" एवढी ओळ ठळक लिहिली आणि कार्डाची झेरॉक्स जोडली, तरी नागपुरात आखणी करणाऱ्या भौतिकतज्ज्ञाला शलाकेची ऊर्जा आधीच योग्य निवडता येते.

चौकट : थोडक्यात

• पेसमेकर किंवा आयसीडी असली तरी किरणोपचार घेता येतात. यंत्र आहे म्हणून उपचार टाळू नये.

• यंत्रावर शलाका थेट पडू देत नाहीत. क्षेत्राबाहेर पाझरणारी मात्रा मोजतात. एकूण २ ग्रेच्या आत ती राहिली तर मात्रेचा धोका कमी, ५ ग्रेच्या वर गेली तर जास्त.

• १० मेगाव्होल्टहून जास्त ऊर्जेच्या शलाकेत न्यूट्रॉन निघतात आणि चिपच्या स्मृतीत बिघाड करू शकतात. शक्य तेथे कमी ऊर्जा वापरतात.

• रीसेट झालेला पेसमेकर सहसा मूळ सुरक्षित गतीने चालतो. बहुतेक वेळा तो पुन्हा नीट लावता येतो.

• उपचाराआधी, गरजेप्रमाणे मध्ये, शेवटी आणि पुढील काही महिन्यांत यंत्राची तपासणी होते.

• यंत्राचे ओळखपत्र नेहमी जवळ ठेवावे. कर्करोगाच्या डॉक्टरांच्या पहिल्याच भेटीत ते दाखवावे.

• बैठकीत किंवा नंतर चक्कर, भोवळ, धडधड किंवा झटका जाणवला तर लगेच सांगावे.